पुढच्या जानेवारीच्या फायली

लोमवी जहाज, स्वालबार्डच्या उत्तरेला
बुधवार, ९ जून १९९९, सकाळ

प्रिय हालवार,

खुशाली विचारायला वेळ नाही, ती तू धरून चाल. हे पत्र उपग्रहावरून सकाळच्या टपालात जाईल, आणि संध्याकाळच्या टपालात मला तुझं उत्तर हवंय. आम्हाला दिवसातून दोनदाच टपाल मिळतं, हे तुला माहीत आहे.

आमचे तीन बोये हरवलेत. सोमवारी ते एका मोठ्या बर्फाच्या तुकड्यावर होते. तुकडा मधोमध फुटला, धुकं उतरलं आणि जागा कळवणारा त्यांचा रेडिओ बंद झाला. धुक्यात हेलिकॉप्टर उडत नाही, म्हणून जहाजानेच शोधायचं. कुठे शोधायचं हे सांगायला तुझा 'ड्रिव' आहे. वारा घातला की तुकडा कुठे वाहत गेला ते सांगणारा आख्ख्या जहाजावर तोच एक प्रोग्राम. पण तो चुकीचं सांगतोय. शेजारच्या तुकड्यावर एक चांगला चालणारा बोया आहे, त्याची खरी जागा उपग्रहावरून कळते. ड्रिवचं उत्तर आणि ती जागा यांच्यात कितीतरी मैलांचं अंतर पडतं. इथे समुद्र उथळ आहे, भरती-ओहोटीचा ओढा जबरदस्त आहे आणि जुन्या ड्रिवला तो ठाऊकच नाही.

तू हिवाळ्यात भरतीचा नवा भाग लिहून मला दिला होतास. मी ती फाइल घातली. बांधणीच्या यादीत तिचं नाव लिहिलं. मुख्य फाइलमध्ये तिला हाक मारली. मेक चालवला. बदल झाला की ड्रिव नव्याने बांधणं हे त्याचं काम, पण तो म्हणाला, सगळं अद्ययावत आहे, करण्यासारखं काही नाही. ड्रिवने जुनंच उत्तर दिलं.

मग मी मुख्य फाइलच्या मधोमध मुद्दाम लिहिलं, 'तोरुनला भूक लागली आहे.' असला मजकूर बघून कुठल्याही मशीनने बोंब मारायला हवी. मेक पुन्हा म्हणाला, सगळं अद्ययावत आहे.

हा काय प्रकार आहे? तूच बसवलेलं आहेस हे सगळं. कृपा करून आजच लिही. त्यांच्याकडे रविवारपर्यंतचंच आहे. बॅटरी, म्हणजे.

मावशी घरीच आहे ना? तिचा फोन चालू आहे ना? सहज विचारते.

तुझी
तोरुन

*

बर्गेन
९ जून, संध्याकाळ

प्रिय तोरुन,

तुझं पत्र वाचून मी ऑफिसात खुर्चीवर गोल फिरलो. 'तोरुनला भूक लागली आहे' आणि तरी अद्ययावत. अशी गंमत वर्षातून एकदा हाताला लागते. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मी वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, "तुझी मावसबहीण खोटं बोलतेय." मी म्हटलं, "ती खोटं बोलते तेव्हा फार वाईट बोलते, लगेच कळतं."

आता नीट ऐक. मेक काहीही वाचत नाही. हे आधी पक्कं कर. तुझ्या भुकेबद्दल त्याला काही कळलेलं नाही. तो फक्त दोन फायलींच्या तारखा शेजारी शेजारी ठेवतो आणि विचारतो, जिच्यावरून बनली ती जास्त ताजी की जी बनली ती? मूळ ताजं असेल तर पुन्हा बनवतो. बनलेलं ताजं असेल तर हात झटकून मोकळा होतो.

आणि हे फक्त प्रोग्रामच्या फायलींचं नाही, मेक ज्या मेकफाइलवरून काम करतो तिचंही असंच आहे. ही तिघांची साखळी आहे. पहिली यादी. ती मी हाताने लिहिलेली आहे आणि तीत तू नाव घातलंस. यादीवरून ऑटोमेक नावाचा प्रोग्राम एक साचा बनवतो. आणि साच्यावरून त्या त्या मशीनसाठी मेकफाइल बनते. यादी साच्यापेक्षा ताजी झाली की मेकने आधी साचा पुन्हा काढायला हवा, मग मेकफाइल, आणि मगच बाकीची कामं. तू यादी आज बदललीस. तरीही त्याला साचा ताजा वाटला. का? तारखांत काहीतरी घोळ आहे, दुसरं काही असूच शकत नाही. सगळ्या फायलींच्या तारखा मला पाठव, आणि पाठवायच्या आधी स्वतः एकेक बघ.

घाई करू नकोस. बोये काही उपाशी मरत नाहीत, आणि मला हे कोडं नीट चघळून सोडवायचंय.

आई हार्डांगरला आहे, बागेतल्या घरी. तिथे फोन नाही, माहीत आहे तुला. उद्या संध्याकाळच्या बसने परत येते. का गं? आणि इंगुनला सांग, माझी लांब स्की तिने नेली आहे, ती तिथे बर्फात हरवली तर बहीण म्हणून सोडणार नाही. ती एका ओळीचंही पत्र लिहीत नाही.

तुझा
हालवार

*

लोमवी
गुरुवार, १० जून, सकाळ

हालवार,

सापडलं. अजून पूर्ण सुटलं नाही, पण सापडलं.

तू म्हणालास तारखा बघ, पण मी आधी आगाऊपणा केला. म्हटलं यादी आणि साचा गेले खड्ड्यात, मेकफाइलच उघडून तीत भरतीच्या फाइलचं नाव हाताने घालते. घातलं. मेक चालवला. त्याने माझ्या डोळ्यांदेखत मेकफाइल पुसून जुनी होती तशी पुन्हा लिहिली. लिहून झाल्यावर पुन्हा तपासली, पुन्हा पुसली, पुन्हा लिहिली. मी थांबवेपर्यंत गोल गोल फिरत राहिला. रेडिओवाला मागे उभा होता. तो म्हणाला, "हा आमच्या जुन्या स्वयंपाक्यासारखा आहे. टेबल पुसलं की पुन्हा पुसायचा."

तेव्हा मला तुझी साखळी डोक्यात शिरली. मेकफाइल आत्ता लिहिली तरी त्याला साचा तिच्यापेक्षा ताजाच दिसतोय. आत्तापेक्षा ताजं म्हणजे काय? मी तारखा काढल्या. काल मी 'जानेवारी' एवढंच बघून पुढे गेले होते. आज वर्ष बघितलं.

जानेवारी २०००.

साचा, मेकफाइल, बांधून तयार झालेले सगळे तुकडे, ड्रिव स्वतः, सगळे पुढच्या जानेवारीचे. हिवाळ्यात जहाज गोदीत असताना कुणीतरी दोन हजार सालाची चाचणी घेतली होती. मशीनचं घड्याळ पुढे नेऊन सगळं चालतंय का ते बघितलं, त्यात ड्रिवही नव्याने बांधला, आणि घड्याळ परत मागे आणलं. फायली तिकडेच राहिल्या. आता मी जून महिन्यात काहीही लिहिलं तरी त्यांच्या हिशेबी ते जुनंच. मी आणि रेडिओवाला इतके हसलो की वर सुकाणूच्या खोलीत ऐकू गेलं असेल. हसू येण्यासारखे दिवस नाहीत हे, तरी हसलो.

मग मी सगळ्या फायलींना एकदम आत्ताची तारीख दिली. मेक जागा झाला. पण यादी साच्यापेक्षा कणभर ताजी ठरली, आणि तो म्हणाला, साचा पुन्हा काढायचा आहे, ऑटोमेकला बोलवा. जहाजावर ऑटोमेक नाही. कुणी बसवलाच नाही, कारण इथे यादी बदलायची वेळ येईल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. हाताने सगळं जोडायला गेले तर ड्रिव उघडतानाच कोसळतो.

म्हणून तू तिकडे नवी यादी ऑटोमेकला दे, साचा काढ आणि मला पाठव. आज. हालवार, चघळत बसू नकोस.

इंगुनला भेटले की सांगते.

तोरुन

*

बर्गेन
१० जून, दुपार

प्रिय तोरुन,

पुढच्या जानेवारीच्या फायली. मी हे आयुष्यभर सांगत फिरणार आहे.

साचा काढला. इथल्या मशीनवर आख्खा ड्रिव बांधून बघितला, भरतीचा भाग चालतो. पत्रासोबत चार तुकड्यांत पाठवतोय, एकदम पाठवला तर तुमचं टपाल घेणार नाही. आता सगळ्यात महत्त्वाचं. तुकडे आले की फायली कुठल्याही क्रमाने ठेवू नकोस. आधी यादी. तिच्या नंतर साचा. आईनंतर मूल जन्मतं, तसा हा क्रम. चुकून साचा आधी ठेवलास आणि यादी नंतर, तर मेकला वाटेल यादी नुकतीच बदलली, आणि तो पुन्हा ऑटोमेकच्या नावाने रडायला लागेल. आतला मजकूर अक्षर न् अक्षर बरोबर असला तरी. तसं झालंच तर साच्याला पुन्हा आत्ताची तारीख दे, आत काही बदलू नकोस. तारीखच पुरे आहे. आणि जानेवारीचे बांधलेले सगळे तुकडे आधी पुसून टाक.

आता माझा प्रश्न. काल मी तुझं पहिलं पत्र घरी नेऊन पुन्हा वाचलं. 'त्यांच्याकडे रविवारपर्यंतचंच आहे.' मग पूर्णविराम, आणि मग 'बॅटरी, म्हणजे'. बॅटरी तर वर्षभर चालते, तुझ्या खात्यासाठी ती मीच निवडली होती. आईच्या फोनची तू कधी चौकशी केली नव्हतीस. आणि इंगुन तुझ्याच जहाजावर, तुझ्या शेजारच्या केबिनमध्ये राहते. 'भेटले की सांगते' हे कसलं उत्तर?

तोरुन, हरवलेत ते बोये आहेत ना?

हालवार

*

बर्गेन
१० जून, संध्याकाळ

तोरुन,

मघाचं पत्र गेलं असेल. त्याचं उत्तर नको. आई बसमधून उतरून घरात आली, तिने पिशवीही खाली ठेवली नव्हती, आणि तुमच्या संस्थेतून फोन आला. मी समोरच उभा होतो. ती नुसतं 'हो, हो' म्हणत होती. मग तिने रिसीव्हर माझ्याकडे दिला आणि कोट न काढता खुर्चीवर बसली.

तुमच्या पथकप्रमुखाने घरच्यांना कळेपर्यंत बाहेर काही लिहायचं नाही म्हणून सांगितलं असणार, हे मला कळतं. तू सांगितलं नाहीस म्हणून मी तुझ्यावर रागावलोय, आणि तरीही तू मला लिहिलंस म्हणून तुझे पाय धरावेसे वाटतात. रागवायला नंतर पुष्कळ वेळ आहे.

कामाचं बोलतो. तुझ्या बोयांसाठी मी जो वाऱ्याचा आकडा घातला आहे तो मोठ्या, जाड तुकड्याचा आहे. फोनवरच्या माणसाने सांगितलं, धुकं उतरायच्या आधी जहाजावरून एवढंच दिसलं की इंगुन, योर्न आणि तो फिन्निश मात्ती, तिघं लहान तुकड्यावर राहिले आहेत, आणि तंबू उभा आहे. लहान तुकड्याला वारा जास्त ढकलतो. भरतीच्या फाइलमध्ये वरून पहिला आकडा दीडपट कर. आता तारखा जागेवर असतील तर मेक फक्त तेवढी एकच फाइल पुन्हा बांधेल आणि ड्रिव जोडेल, बाकी कशालाही हात लावणार नाही. तसं झालं नाही तर समज की कुठेतरी अजून एखादी जानेवारी लपून बसली आहे, आणि उत्तरावर विश्वास ठेवू नकोस.

आधी उपग्रहाच्या बोयावर जुन्या आकड्याने तपासून बघ, मग आकडा बदल. उलट नको.

आई म्हणते, तोरुनला जेवायला सांग.

हालवार

*

लोमवी
शुक्रवार, ११ जून, दुपार

प्रिय हालवार, प्रिय मावशी,

मला लिहायचं होतं. पहिलं पत्र लिहिताना मी 'इंगुन' हा शब्द एकदा टाइप केला आणि खोडला. एवढंच सांगते, बाकीचं समोर बसून.

तुकडे आले, पण कसे आले ते ऐक. संध्याकाळच्या टपालात पहिला, तिसरा आणि चौथा. दुसरा आलाच नाही. साचा अर्धा दुसऱ्यात. सकाळपर्यंत मी काहीही करू शकत नव्हते. सकाळी दुसरा आला, त्याच्यासोबत तुझं दुसरं पत्र. मी इतकी घाईत होते की फायली उघडताना यादी शेवटी ठेवली. मेक रडला, ऑटोमेक, ऑटोमेक. मग तुझं वाक्य आठवलं. साच्याला आत्ताची तारीख दिली, आत एक अक्षरही बदललं नाही. पुन्हा चालवला.

हालवार, तो धावला. पडद्यावर ओळीमागून ओळ वर सरकायला लागली. रेडिओवाला नावं मोठ्याने वाचत होता, जणू शर्यतीचं समालोचन. मधेच तुझ्या भरतीच्या फाइलचं नाव आलं तेव्हा त्याने माझ्या पाठीत असा हात मारला की चहा टेबलावर सांडला.

उपग्रहाच्या बोयावर तपासलं. ड्रिवने सांगितलेली जागा आणि खरी जागा, नकाशावर पेन्सिलीचं एकच टिंब. मग आकडा बदलला. मेकने तेवढी एक फाइल बांधली, ड्रिव जोडला आणि थांबला. दुसऱ्या कशाला शिवला नाही. मला त्याचा पापा घ्यावासा वाटला.

नवी जागा घेऊन मी वर सुकाणूच्या खोलीत पळाले. कॅप्टन गेर्मुन आणि पथकप्रमुख स्तेनार नकाशावर वाकून उभे होते. आम्ही दोन दिवस नैर्ऋत्येला शोधत होतो. ड्रिव म्हणतोय, आपल्या पाठीमागे, ईशान्येला.

स्तेनार म्हणाला, "काल हाच प्रोग्राम उलट सांगत होता."

मी म्हटलं, "काल हा प्रोग्राम कालचा नव्हताच. तो गोदीत बांधलेला होता. मी घातलेलं काहीही त्यात शिरत नव्हतं."

"आणि आज शिरलं हे कशावरून?"

मी बोयाचं टिंब दाखवलं. तो नकाशावर आणखी वाकला. मग म्हणाला, "एका बोयावर बरोबर आलं म्हणून मी तीन माणसांकडे पाठ फिरवू? इकडे बर्फ अजून मोकळा आहे. तिकडे गेलो तर परत यायला पूर्ण दिवस जाईल. मुली, तू चुकलीस तर आपल्याकडे दुसरा दिवस नाही."

तो वाईट माणूस नाही. त्याला झोप नाही. मी म्हटलं, "मंगळवारच्या जागांवरून चालवून दाखवते. बोया मंगळवारी कुठे होता ते द्या, बुधवारी कुठे निघेल ते मी सांगते. तुम्ही खरी जागा झाकून ठेवा."

कॅप्टनने कागदावर हात ठेवून जागा झाकली. मी खाली पळाले, चालवलं, वर पळाले, आकडे वाचले. कॅप्टनने हात उचलला. बघितलं. मग त्याने सुकाणूवरच्या माणसाला नवी दिशा सांगितली, आणि स्तेनार म्हणाला, "माझं नाव लिहा नोंदीत. वळवा म्हणून मीही म्हणालो."

जहाज वळतंय. मला पायाखाली कळतंय, बर्फ दुसऱ्या बाजूने घासायला लागला आहे. धुकं एवढं आहे की जहाजाचं नाक दिसत नाही. सगळ्यांना कठड्याशी उभं राहून ऐकायला सांगितलंय, मी पण जाते.

मावशी, मी जेवले.

तोरुन

*

बर्गेन
शनिवार, १२ जून, सकाळ

प्रिय तोरुन,

तुझ्या पत्रानंतर काही नाही. संस्थेत फोन केला, त्यांनाही एवढंच माहीत आहे की जहाज ईशान्येला आहे. त्यामुळे हे पत्र कुठल्या बातमीवर लिहितोय हे मला माहीत नाही. तुला मिळेल तेव्हा कदाचित सगळं घडून गेलेलं असेल.

घरात लोक येतायत. खालच्या मजल्यावरची बाई वाफल घेऊन आली आणि रडली, तर आईनेच तिला समजावलं. आई रडत नाही. तिने तुझं पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि मला विचारलं, "हे मशीन आत काय लिहिलंय ते बघतच नाही?"

"नाही. फक्त आधी कोण आणि नंतर कोण."

"मग कुणी खोटी तारीख टाकली तर?"

"तर ते फसतं. तेच झालं होतं."

आई म्हणाली, "आणि तुम्ही असल्या मशीनवर माणसं सोडता." मग म्हणाली, "पण वाचायचं ठरवलं असतं तर फार वेळ लागला असता, नाही का?" मी म्हटलं, हो, म्हणूनच. इतकी वर्षं मी हे काम करतोय आणि आईने पहिल्यांदाच त्याबद्दल विचारलं. मग तिने मला सगळी साखळी पुन्हा सांगायला लावली. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन कप मांडून सांगितली, कुठला कप कुणावरून बनतो ते. तिने खालच्या मजल्यावरच्या बाईला लगेच समजावलं. जवळजवळ बरोबर.

मला विचित्र वाटतंय, तोरुन. भीती आहेच, पण तिच्यासोबत दुसरंही काहीतरी आहे, मघापासून पायात थांबत नाही. मी घरात येरझाऱ्या घालतोय. कठड्याशी उभं राहून तू ऐकतेयस, आणि मी इथे बर्गेनमध्ये कान देऊन उभा आहे असं वाटतंय. उत्तर बरोबर आहे. मी रात्रभर कागदावर सोडवून बघितलं. ते तिथेच आहेत.

हालवार

*

लोमवी
१२ जून, दुपार

हालवार,

मी इंगुन. तोरुन सुकाणूच्या खोलीतल्या बाकावर बूट घालून झोपली आहे. कॅप्टनने हुकूम काढलाय की तिला उठवणाऱ्याला तो समुद्रात टाकेल. म्हणून तिच्या मशीनवरून मी लिहितेय. माझी बोटं सुजली आहेत, चुका होतील.

तिघंही आहोत. योर्नच्या पायाला थंडी चावली आहे, डॉक्टर म्हणतो बोटं राहतील. मात्ती दोन ताटं जेवून तिसरं मागतोय.

तुकडा फुटला तेव्हा आवाज असा आला की मला वाटलं जहाजच आदळलं. आम्ही तंबूजवळ होतो, घसरगाडी पलीकडे. रेडिओ घसरगाडीवर, तुझी लांब स्कीही तिच्यावरच. मधली भेग आधी एका पावलाची होती. योर्न उडी मारायला गेला आणि पाण्यात पाय घालून परत आला. मग ती गल्लीएवढी झाली, आणि मग घसरगाडी धुक्यात गेली. आमच्याकडे तंबू, चूल, एक बंदूक आणि जेवणाचा डबा राहिला.

आम्ही पातेलं वाजवायचो, आळीपाळीने. मात्ती विनोद सांगायचा. फिन्निश विनोद इतके लांब असतात की शेवट येईपर्यंत आपण सुरुवात विसरतो, त्यामुळे वेळ बरा गेला. तिसऱ्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी जहाजाबद्दल बोलणं बंद केलं. कुणी ठरवलं नव्हतं.

आज पहाटे मी तंबूत पडले होते, कान बर्फाला टेकलेला. आवाज नव्हता, नुसती थरथर होती. आधी वाटलं मलाच हुडहुडी भरली आहे. मी योर्नचा हात धरून बर्फावर ठेवला. तो म्हणाला, "हे तू करतेयस का?" मी म्हटलं, "नाही." मग मात्तीने तोंडातलं वाक्य अर्धं सोडलं, आणि तो विनोद अजून अर्धाच आहे.

आम्ही बाहेर येऊन पातेलं बडवलं, बंदूक उडवली, ओरडलो. काहीच नाही. थरथर एकदम थांबली. ते काय होतं माहीत आहे? जहाजाने इंजिन बंद केलं होतं, ऐकण्यासाठी. आम्हाला वाटलं ते गेले. आणि धुक्याच्या आतून, अगदी जवळून, तोरुनचा आवाज आला, शांत, घरात विचारावा तसा: "इंगुन, तू आहेस का तिकडे?"

उत्तर मात्तीने दिलं, फिन्निशमध्ये.

शिडी खाली आली तेव्हा पहिली तीच उतरली. मला धरलं, गदगदा हलवलं, म्हणाली, "गधडे, तुझ्यामुळे मला ऑटोमेक शिकावं लागलं." मला काही कळलं नाही. मग गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसले होते तेव्हा रेडिओवाल्याने सगळं सांगितलं, जानेवारीपासून. तुझी पत्रं तोरुननेच वाचायला दिली. बोये उपाशी मरत नाहीत, हेही वाचलं. मी इतकी हसले की डॉक्टर धावत आला.

नंतर मी सुकाणूच्या खोलीत गेले आणि कॅप्टनला म्हटलं, नकाशावर दाखवा. त्याने एक बोट जुन्या ड्रिवने सांगितलेल्या जागेवर ठेवलं, दुसऱ्या हाताचं बोट आम्ही होतो तिथे. मधे माझी आख्खी वीत मावली. मी वीत ठेवून बराच वेळ तशीच उभी राहिले. स्तेनार शेजारी होता. तो म्हणाला, "मी नको म्हणत होतो, सांगितलं का तुला कुणी?" मी म्हटलं, "सांगितलं. आणि नंतर काय म्हणालात तेही सांगितलं." तो खिडकीकडे वळला.

आता धुकं उचलतंय. सगळीकडे पांढरं आणि मधे काळं पाणी, डोळ्यांना दुखेल एवढं ऊन. आमचा तुकडा मागे पडलाय, त्यावर तंबू अजून उभा आहे. आम्ही तो आणला नाही. तो वाहतोय तसा वाहू दे, तोरुन म्हणते तिला आता त्यावर ड्रिव तपासत बसायचंय.

रेडिओवाला हाक मारतोय, लाइन लागली. आईचा नंबर फिरवलाय त्याने. म्हणजे हे पत्र संध्याकाळी तुला मिळेल तेव्हा जुनं झालेलं असेल, माझा आवाज त्याच्या आधी घरात पोहोचलेला असेल. तरी वाच. उचलला कुणीतरी. आई आहे.

इंगुन